आंबा घाट, तिसरा गिअर

एसटीने आम्हाला ओव्हरटेक केलं तो दिवस माझ्या अजून लक्षात आहे. मे महिना होता. साखरप्याहून आंबा घाट चढत होतो. गाडीत मी, बायको, लेक, मागे आंब्याच्या दोन पेट्या आणि फणस. तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला होता, दुसऱ्यात इंजिन बोंबलत होतं आणि काटा पंचवीसच्या वर जायला तयार नव्हता. मागून लाल एसटी आली, हॉर्न दिला आणि वळण संपताच पुढे निघून गेली. खिडकीतल्या एका आजोबांनी आमच्याकडे बघून हात हलवला. बायको म्हणाली, "अहो, मी उतरून चालत येऊ का? फणस पण घेते."

गाडी म्हणजे आमच्या आप्पांची प्रीमियर पद्मिनी. पाटीवर पद्मिनी असलं तरी घरात आणि गल्लीत तिला कायम 'फियाट'च म्हटलं गेलं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, हँडलजवळ गिअरचा दांडा असलेली. आप्पांनी नंबर लावून वाट बघून घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय नव्हता. लोक सुचवतात तसं डिझेल इंजिन किंवा मारुतीचं इंजिन बसवायचाही नव्हता. एक तर कलम ५२ खाली आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद, ही सगळी भानगड. दुसरं म्हणजे बॉनेट उघडल्यावर आत दुसऱ्याचंच इंजिन दिसलं तर ती आप्पांची गाडी कसली राहिली?

तर ठरवलं, आहे याच इंजिनातून ताकद काढायची.

आधी माझा मूर्खपणा सांगतो, कारण पैसे तिथेच वाया गेले. मी मोठा कारब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) घेतला. मूळ सोलेक्स कंपनीचा दिसायला एवढासा, त्यामुळे मला वाटलं इंजिनाला श्वासच घेता येत नाही. भंगारवाल्याकडून दुसऱ्या एका मोठ्या गाडीचा दोन नळ्यांचा कारब्युरेटर साडेसहा हजारांना आणला, अॅडॉप्टर प्लेट करून घेतली आणि बसवला. सोबत 'फ्री फ्लो' सायलेन्सर. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज असा की समोरचे काका पेपर टाकून बाहेर आले. मला वाटलं, झालं काम.

रस्त्यावर काढली तर पिकअप मारल्यावर गाडी आधी एक गचका खायची, गुदमरायची आणि मग सावकाश निघायची. लहान इंजिन कमी फेऱ्यांवर हवा ओढतंच थोडी. तोंड मोठं केलं की त्या हवेचा वेग पडतो, पेट्रोलचा फवारा नीट होत नाही, थेंब थेंब मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) भिंतीला चिकटून राहतात. साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे कदाचित फायदा दिसला असता, पण माझी गाडी दिवसभर दोन ते तीन हजारात चालते. अॅव्हरेज आठावर आला. महिन्याभरात दोन्ही वस्तू काढल्या. सायलेन्सर अजून माळ्यावर आहे.

त्यानंतर उद्यमनगरातल्या मेकॅनिक मामांकडे गेलो. मामा माझे कोणी लागत नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. निम्मं आयुष्य गुऱ्हाळावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं, उरलेलं फियाट-अॅम्बेसेडरमध्ये. मी त्यांना माझी सगळी यादी वाचून दाखवली: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचा, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवायचा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, आधी हाय ते तरी मिळतंय काय बघूया की. आत बसा आन् एक्सलेटर दाबा. पूर्ण दाबा."

मी दाबला. ते एअर क्लीनर काढून कारब्युरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघत होते. "दाबा."

"दाबलाय मामा."

"पूर्ण दाबा म्हणतोय."

"पूर्णच दाबलाय!"

त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि स्वतःच्या हाताने थ्रॉटलचा दांडा ओढून दाखवला. पत्ती आणखी चांगली एक चतुर्थांश फिरली. म्हणजे कित्येक वर्षं मी पाय जमिनीला टेकवून गाडी चालवत होतो आणि इंजिनाला मात्र पाऊण तोंडानेच हवा मिळत होती. लिंकेजचे बुश झिजून सैल झाले होते. त्यात पेडलखाली मी हौसेने टाकलेलं जाड रबरी मॅट. मॅट काढलं, दोन बुश लेथवर करून घेतले, दांड्याची लांबी जुळवली. खर्च दीडशे रुपये. मला त्या साडेसहा हजारांची आठवण झाली, पण मामांसमोर बोललो नाही.

मग त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकून मला एकट्याला ढकलायला सांगितली. हलेना. पुढची दोन्ही चाकं उचलून फिरवली तर डावं चाक अर्ध्या फेरीत थांबत होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यातला हा लायनर सिलिंडर जाम झाल्यामुळे घासतच होता. इंजिनाची निम्मी मेहनत तिथे उष्णता होऊन जात असणार. त्यानंतर प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उघडला. आत पॉइंटच्या खाली दोन छोटी वजनं असतात. फेऱ्या वाढल्या की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडायला लागते. आमची वजनं गंजून एकमेकांना चिकटली होती. मामांनी त्यावर नखाने टकटक केलं. "ही झोपल्यात." स्ट्रोब गन (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून बघितलं तर खरंच, आयडलला आणि तीन हजारावर टायमिंगची खूण एकाच जागी. वजनं काढली, घासली, थेंबभर तेल दिलं, स्प्रिंगा बदलल्या.

मोजमापाची माझी पद्धत सांगतो, कारण "गाडी हलकी वाटते" याला काही अर्थ नाही. पैसे खर्च केले की कोणतीही गाडी हलकी वाटते. रविवारी पहाटे हायवेच्या सपाट तुकड्यावर टॉप गिअरमध्ये चाळीसवर गाडी धरायची, एक्सलेटर तळाला न्यायचा आणि ऐंशी होईपर्यंत लेकीने मोबाइलवर सेकंद मोजायचे. जाऊन-येऊन दोन्ही दिशांना, म्हणजे वारा आणि चढ-उतार कटतात. पहिल्या दिवशी सरासरी एकतीस सेकंद आली होती. पेडल, ब्रेक आणि डिस्ट्रिब्युटर झाल्यावर पंचवीस. इंजिनाचा एकही नट अजून उघडला नव्हता.

आता खरं काम. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर बघितले: १२५, १२०, ८५, ११८. तिसऱ्यात थोडं ऑइल सोडून परत बघितलं, पण आकडा हलला नाही. पिस्टनची रिंग गेली असती तर ऑइलने तात्पुरता वाढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह. हेड उतरवलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला. जुन्या इंजिनांच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) शिशाच्या पेट्रोलवर पोसलेल्या, आणि ते पेट्रोल देशात २००० सालापासून बंद आहे. मी चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेतल्या.

हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. कधीतरी तापून हेड मधोमध वाकलं होतं, त्यामुळे ते घासावं लागणारच होतं. प्रश्न फक्त किती घासायचं. इथे मला मनापासून मजा आली. चार चेंबर (पेट्रोल जळतं त्या पोकळ्या) वर करून हेड टेबलावर सपाट ठेवलं. भोक पाडलेली काचेची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर बसवली आणि इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल आणि ऑइल सोडत गेलो. तीन चेंबर तेहतीस-चौतीस सीसीला भरले, एक साडेएकतीसलाच. त्यात कधीकाळी कुणी कार्बनचा थर नुसता ठोकून बसवल्यासारखा होता. तो खरवडला, कड थोडी घासली, चारही सारखे केले. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून एकूण एक्केचाळीस सीसी. एका सिलिंडरचे २७२ सीसी. म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) साडेसातच्या थोडं वर.

मला साडेआठ पाहिजे होता. त्यासाठी साडेचार सीसी कमी करायचे. मामांनी गणित न करताच मार्ग दाखवला. चेंबरमध्ये साडेचार सीसी कमी भर, म्हणजे तेलाची पातळी काठापासून जेवढी खाली राहील तेवढं घासायचं. डेप्थ व्हर्नियरने मोजलं तर एक मिलिमीटरच्या किंचित वर. मी नववर जावं म्हणत होतो. पण दाब फार वाढला की पेट्रोल आपोआप पेटून इंजिन खटखटतं. मामा म्हणाले, "घाटात मे महिन्यात पाच माणसं घालून खेचणार तुम्ही. खटखट वाजायला लागली की मग काय करणार, वरनं टायमिंग मागं घेणार. मग वाढवून मिळालं काय?" ऐकलं. जुन्या बेअरिंगांचा विचार करता साडेआठसुद्धा खूप झाले.

इतकं हेड खाली येणार म्हटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल का, ही भीती. लेकीच्या खेळण्यातली क्ले घेतली, पिस्टनवर छोटी भाकरी थापली, हेड जुनं गॅस्केट घालून तात्पुरतं कसलं आणि इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवलं. परत खोलून क्लेवर उमटलेला व्हॉल्व्हचा ठसा ब्लेडने मधोमध कापला. सगळ्यात पातळ जागी अडीच मिलिमीटर. पुरेसं आहे. लेक म्हणाली, "बाबा, हिरवी क्ले खराब केलीत." तिला नवीन डबा आणून दिला, तो खर्चही हिशेबात धरतो.

व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचं काम मी स्वतः केलं. काठीच्या टोकाला रबरी कप, दोन तळव्यांमध्ये घुसळायचं, रवी फिरवल्यासारखं. आठ व्हॉल्व्ह, दोन संध्याकाळी. राखाडी रंगाची एकसारखी अंगठी सगळीकडून उमटली की झालं. मग पोर्टच्या तोंडावर गॅस्केट ठेवून बघितलं, तर मॅनिफोल्डची भोकं आणि हेडची भोकं जागोजागी दीड-दोन मिलिमीटरने एकमेकांना सोडून. त्या पायऱ्या घासून जुळवल्या. आत पोर्ट मोठे केले नाहीत. मोठ्या कारब्युरेटरचा धडा ताजा होता.

बोअरचं मात्र मामांनी करू दिलं नाही. इटलीत याच इंजिनाचा ७२ मिलिमीटर बोअर करून फियाटने १२२१ सीसी केलं होतं, आपल्याकडे ६८ चाच राहिला. मला ७२ चं फार आकर्षण होतं. मामांनी विचारलं, भिंतीत किती माल आहे ते बाहेरून दिसतंय का? चाळीस थाऊ (जेमतेम एक मिलिमीटर) ओव्हरसाइज केलं असतं तर ११२२ सीसी झाले असते, म्हणजे तीन टक्के. पिस्टन, रिंग, बोअरिंग सगळं धरून बराच खर्च, आणि आमचे बोअर मोजल्यावर अजून मापात होते. कॉम्प्रेशनमुळेसुद्धा कागदावर तीन-साडेतीन टक्केच वाढतात, पण हेड घासायला तसंही द्यायचंच होतं. त्याऐवजी मामांनी ऑइल प्रेशर बघितलं, खालचा सम्प (ऑइलचं तळभांडं) उतरवून बिग एन्ड, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाची बेअरिंग बदलली. "घोडं वाढवायच्या आधी तबेला बघाय नको?" असं म्हणाले.

जोडणी झाल्यावर पहिला स्टार्ट मी केला. चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि कारब्युरेटरमधून असा भडका आला की वाकून बघणाऱ्या माझ्या डाव्या भुवईचे केस गेले. मामा जागचे हलले नाहीत. "वायरी कुणी लावल्या?" मी लावल्या होत्या. सिलिंडर पेटायच्या १-३-४-२ या क्रमाऐवजी, डिस्ट्रिब्युटर उलट्या बाजूने फिरतो असं धरून १-२-४-३. चाळीस वर्षं ज्या इंजिनाकडे बघतोय त्याचा फायरिंग ऑर्डर मला पाठ होता, रोटर कुठल्या बाजूला फिरतो हे मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

नंतर आठवडाभर जेटचं, म्हणजे कारब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाचं काम. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, ते थोडं जास्त लागतं, जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. मूळ सोलेक्सच परत बसवला होता. मेन जेट एक नंबर वर घेतला. पेट्रोलचे सगळे रबरी पाइपही बदलले, जुने बोटाने दाबले तरी तडकत होते. तपासायची जुनी रीत: हायवेवर चढाला फुल एक्सलेटरवर दोन किलोमीटर, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, गाडी कडेला घेऊन गरम प्लग काढून बघायचा. पहिल्यांदा खडूसारखा पांढरा, म्हणजे अजून पातळ. आणखी एक जेट वर. मग बिस्किटाचा रंग आला. हेडचे नट तीनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर परत टॉर्क रेंचने कसले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत लावले. हे विसरलं की गॅस्केट गेलंच म्हणून समजा.

पंचवीसचे साडेवीस सेकंद झाले. अॅव्हरेज, जो मी वाढवायला गेलोच नव्हतो, बाराच्या वर आला. पीयूसी एका फटक्यात. हेड, सीट, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गॅस्केट सगळं मिळून सतरा हजारांच्या आसपास गेले. त्यात उपयोगाचा पहिला टप्पा दीडशे रुपयांचे बुश, एका व्हील सिलिंडरची किट आणि मामांच्या चहात झाला होता. गाडी नवीन असताना कंपनीने चाळीसच्या आसपास घोडे सांगितले होते. माझा अंदाज, मी सुरुवातीला तीसवर चालवत होतो. आता चाळीसच्या थोडं वर असेल. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) घातली नाही. लेकीचा मोबाइल पुरे.

दिवाळीत गावी गेलो. उतरताना काही बोलत नाही, चढतानाचं सांगतो. परतीला साखरप्याच्या पुढे घाट सुरू झाला, माणसं तीच, फणसाऐवजी तांदळाचं पोतं. तिसऱ्यात पंचेचाळीस. पहिलं मोठं वळण, तिसराच. पुढचं, तिसराच. बायको काही न बोलता गिअरच्या दांड्याकडे बघत होती. एका ठिकाणी पुढे ट्रक आला म्हणून दुसरा टाकावा लागला, तो मी मोजत नाही. आधी पहिल्यांदा चढावर घातली तेव्हा थोडी खटखट आली होती, मामांच्या सल्ल्याने टायमिंग दोन अंश मागे घेतलं होतं. यावेळी ती नव्हती. एसटी भेटली, पण ती समोरून येत होती. आंब्याला थांबून चहा घेतला, रेडिएटरवर हात ठेवून बघितला आणि उगाचच बॉनेट उघडून उभा राहिलो.

सोमवारी मामांना सगळं वर्णन करून सांगितलं. कोणत्या वळणाला काय वेग होता, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चढली चांगली. उतरताना कशी उतरली?"

मी गप्प. जाताना तिसऱ्या वळणापासून लायनरचा जळका वास येत होता आणि पेडल हळूहळू तळाला चाललं होतं. बायकोला मी ट्रकचा वास असेल म्हणून सांगितलं होतं.

"चाकं काढा," मामा म्हणाले, "चारी."